धावायला मुंबई: एक रात्र, दोन दिवस आणि खर्चाचा हिशेब

मुंबईत धावायला पैसे पडत नाहीत. नरिमन पॉइंटपासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत मरीन ड्राइव्हचा रुंद, सपाट पदपथ आहे, ३.६ किलोमीटरचा. पहाटे तो सगळ्यांसाठी मोकळा असतो. एक फेरी जाऊन-येऊन सात किलोमीटरच्या थोडी वर, तीन फेऱ्या केल्या की हाफ मॅरेथॉनचं अंतर भरतं. डावीकडे समुद्र, उजवीकडे १९३०-४० च्या दशकांतल्या गोलसर गच्च्यांच्या इमारती. दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारसा ठरवलं, त्यात या इमारतीही आहेत. पैसे पडतात ते त्या पदपथावर पहाटे सव्वापाचला झोप पुरी झालेल्या अंगाने उभं राहायला.

गेली पाच-सहा वर्षं हिवाळ्यात एकदा तरी मी आणि माझी धावण्यातली मैत्रीण पुण्याहून एका रात्रीसाठी मुंबईला जातो. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी पहाटे धावायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. सातारा, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूरची धावणारी मंडळी भेटली की पहिला प्रश्न हाच येतो: एकंदर किती लागतात? म्हणून हा हिशेब मांडते आहे. रिक्षा, टॅक्सी, लोकल, मेट्रो यांचे दर ठरलेले आहेत. खोल्यांचे आणि खाण्याचे आकडे आमच्या अनुभवातले, म्हणजे अंदाजाचे. सणासुदीला आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते वर चढतात.

पहिल्या वर्षी आमचा हिशेब चुकला होता. फोर्टमधली खोली तीन हजारांना होती, ठाण्यात स्टेशनजवळ अठराशेला मिळत होती. बाराशे रुपये वाचतात म्हणून आम्ही ठाण्यात उतरलो. आता हे गणित आजच्या दराने पाहा. ठाण्याहून मरीन ड्राइव्ह साधारण ३४ किलोमीटर. काळी-पिवळी टॅक्सी पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये घेते, म्हणजे मीटर सातशेवर जातो. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात चौथाई भार वाढतो, म्हणजे पावणेनऊशे. वाचलेल्या बाराशेतले उरले सव्वातीनशे, दोघींत मिळून. पहाटेच्या पहिल्या लोकलने गेलो असतो तर ते पैसेही वाचले असते हे खरं, पण त्यासाठी तीनला उठावं लागलं असतं. टॅक्सीसाठीही साडेतीनला उठलोच. त्या दिवशी ठरवलेले अठरा किलोमीटर बारावर सोडून दिले आणि परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत झोपून आलो. समुद्र धड पाहिलासुद्धा नाही.

तेव्हापासून एक नियम पाळते. झोपायची जागा धावायच्या जागेपासून पायी अंतरावर हवी. तिथे पैसे मोजायचे, काटकसर बाकीच्या ठिकाणी करायची. मुंबईत ती करायला भरपूर वाव आहे.

जायचं कसं

पुणेकरांसाठी रेल्वेच उत्तम. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचवते. त्याशिवाय सिंहगड, प्रगती आहेतच. आरक्षित सेकंड सीटिंगला शंभर ते सव्वाशे रुपये, वातानुकूलित चेअर कारला चारशेच्या आसपास. तीन-सव्वातीन तासांच्या दिवसाच्या प्रवासाला सेकंड सीटिंग पुरेसं आहे. वरचे तीनशे रुपये खोलीसाठी ठेवावेत असं मी म्हणेन. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शनिवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ या दोन्ही गाड्या लवकर भरतात, तेव्हा दोन्ही तिकिटं एकाच बैठकीत काढून ठेवावीत. येताना बायकांसाठी बसचा विचार करण्यासारखा आहे. मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत महिलांना निम्मं भाडं आहे, त्यात शिवनेरीही आली. पुणे-दादर शिवनेरीचं तिकीट साडेपाचशे-सहाशेच्या घरात जातं, आम्हाला ते तीनशेच्या आत पडतं. पण शनिवारी सकाळी घाटात गाड्या अडकल्या की तासाचे दोन कधी होतात कळत नाही, त्यामुळे जाताना मी बस धरत नाही.

नाशिककरांना पंचवटी आहे: सकाळी निघून अकराच्या आत सीएसएमटी, संध्याकाळी परत. कोल्हापूर-सातारा-सांगलीकडून महालक्ष्मी रात्रभर चालून सकाळी पोचते. त्या गाडीने येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री निघावं आणि धावायचं ते रविवारीच. गाडीतल्या झोपेवर शनिवारी लांब धावू नये. पाय सुजलेले असतात, पाणी कमी प्यायलेलं असतं.

खाट कुठे टाकायची

मरीन ड्राइव्हसाठी सगळ्यांत सोयीचा भाग म्हणजे सीएसएमटीसमोरचा फोर्ट. तिथून चर्चगेटवरून समुद्रापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे अंग गरम करायला नेमकं तेवढं चालणं. पहाटे पाचलाही या रस्त्यांवर माणसं असतात: वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारे, पहिल्या लोकलने उतरलेले, दूधवाले. आम्ही दोघी अंधारात निघतो आणि कधी अडचण आली नाही. तरी पहिल्या खेपेला वाट आदल्या संध्याकाळी चालून बघावी.

फोर्टमध्ये दोघांची साधी, स्वच्छ खोली अडीच ते साडेतीन हजारांत मिळते. कुलाब्यात थोडं जास्त. एकट्याने येणाऱ्याला डॉर्मिटरीतली खाट आठशे ते बाराशेला. समुद्र दिसणारी खोली हवी असेल तर दहा-बारा हजार आणि वर. मुंबई सेंट्रल स्थानकात रेल्वेचं पॉड हॉटेल आहे. २०२१ साली ते सुरू झालं तेव्हा १२ तासांना ९९९ आणि २४ तासांना १,९९९ रुपये असा दर होता. तासांवर मिळणारी जागा धावणाऱ्याला छान पडते, संध्याकाळी सातला शिरून सकाळी सातला बाहेर. तिथून गिरगाव चौपाटी दोन किलोमीटरच्या आसपास, हलकं पळत जाता येतं. उंच, धिप्पाड माणसांना मात्र पॉडमध्ये पाय मोकळे करायला जागा अपुरी वाटते.

खोलीवरचा कर अनेकांच्या लक्षात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यात फरक दोनशेचा, खिशातून जातात अकराशे अठ्ठ्याण्णव. या उंबरठ्याजवळची खोली घेत असाल तर घासाघीस नक्की करावी. साध्या खोलीसाठी विचाराल तेव्हा करासकट दर विचारा. तीन हजारांची खोली ३,१५० ची होते.

फोर्टमधल्या जुन्या इमारतींतल्या खोल्यांविषयी फोनवरच पाच गोष्टी विचारून घ्याव्यात. खोलीला खिडकी आहे का? पुष्कळ खोल्या लाकडी पार्टिशनच्या असतात. शेजारचं घोरणंसुद्धा ऐकू येतं, आणि शनिवारी रात्री शेजारी दीडला परततात. बाथरूम सामाईक आहे का? खालचं दार पहाटे साडेचारला उघडं असतं का, की रखवालदाराला उठवावं लागतं? गरम पाणी किती वाजेपर्यंत? काही ठिकाणी सकाळी आठला बंद होतं आणि तुम्ही धावून साडेआठला येता. चेकआउट कधी? काही हॉटेलं चोवीस तासांच्या हिशेबाने चालतात, शनिवारी अकराला आत गेलात तर रविवारी अकरापर्यंत खोली तुमची. दुपारी बाराला सोडायची असेल तरी चालतं, धावून, अंघोळ करून, तासभर पाय वर करून पडायला पुरतं. सकाळी दहाला खोली सोडा म्हणणारं हॉटेल धावणाऱ्याच्या कामाचं नाही, मग ते पाचशेने स्वस्त असलं तरी.

दुसरी चांगली जागा दादर. शिवाजी पार्कच्या आसपास राहणारे नातेवाईक असतील तर फारच उत्तम. मुंबईत हक्काचं घर असणं ही सगळ्यांत मोठी बचत. पार्काचा कट्टा साधारण १.२ किलोमीटरचा आहे आणि पहाटे साडेचारपासून तिथे चालणारे, पळणारे, सूर्यनमस्कार घालणारे जमतात. आतल्या मैदानाची माती गुडघ्यांना मऊ. लांबचं अंतर ज्यांना फेऱ्या मोजत करायला आवडत नाही त्यांनी कट्ट्यावर सरावाचे चार-पाच किलोमीटर करावेत आणि बाकी वरळीकडे.

कुठे धावायचं

मरीन ड्राइव्हविषयी एवढंच सांगते की जमीन कठीण आहे. जाड तळाचे बूट घाला आणि पदपथाच्या एकाच कडेने सगळं अंतर करू नका. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला होतो, तोही पाठीमागे, इमारतींच्या आडून. पाण्यावर सूर्य बघायचा तर शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसा. त्या वेळी धावायचा विचारसुद्धा करू नका, पाय ठेवायला जागा नसते.

चढ हवा असेल तर चौपाटीपासून वाळकेश्वर रस्त्याने मलबार हिलवर, हँगिंग गार्डनपर्यंत. टेकडी पन्नासेक मीटरांचीच आहे, पण सपाटीवर दहा किलोमीटर झाल्यावर ती जाणवते. वर कमला नेहरू पार्कजवळ झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा ४८५ मीटरचा लाकडी निसर्गमार्ग २०२५ च्या मार्च अखेरीस खुला झाला. तिकीट २५ रुपये, सकाळी पाचपासून, वेळ आधी ऑनलाइन ठरवून घ्यायची. तिथे धावायचं नाही. घाम सुकवत चालायला आणि गिरगाव चौपाटीचं वळण वरून पाहायला तो उत्तम आहे. धावणाऱ्यानेही पंचवीस रुपये द्यावेत अशी ही जागा आहे.

किनारी रस्ता झाल्यापासून धावणाऱ्यांना मोठं घबाड मिळालं. प्रियदर्शनी पार्कापासून वरळीपर्यंतच्या प्रोमेनाडचा सव्वापाच किलोमीटरचा भाग १५ ऑगस्ट २०२५ ला खुला झाला. फुकट, चोवीस तास, आणि मरीन ड्राइव्हपेक्षा कितीतरी रुंद. रस्त्याखालच्या भुयारी वाटांनी तिथे जायचं असतं, त्यामुळे पहिल्या खेपेला वाट शोधण्यात दहा मिनिटं जातात. प्रत्यक्ष किनारी रस्त्यावर पायी जायला मनाई आहे, गाड्या वेगात असतात, तेव्हा कठडा ओलांडायचा मोह नको. सावली अजून नाही. साडेआठनंतर ऊन अंगावर येतं. पाणी बरोबर न्या. आम्ही अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या कमरेच्या पट्ट्याला लावतो, विकत घ्यायला थांबावं लागत नाही.

वाळूवर धावायचं तर जुहू. चर्चगेटहून विलेपार्ल्याला लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट १० रुपये, पुढे समुद्रापर्यंत तीनेक किलोमीटरला रिक्षाचे पन्नास-पंचावन्न. रिक्षाचं किमान भाडं २६ आणि पुढे किलोमीटरला १७.१४ आहे. रिक्षा वांद्रे-शीवच्या पुढेच मिळतात, दक्षिण मुंबईत नाहीत, हे बाहेरून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. पण जुहूला जायचं की नाही हे ठरवायला पैशांआधी पंचांग बघावं. कोरड्या वाळूत पाय रुततो, घोटा मुरगळतो. ओहोटीने सोडलेली ओली, घट्ट वाळू हीच धावायची जागा, आणि ती पहाटे हवी. कोकणातला जुना हिशेब इथे चोख लागू पडतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या आगेमागे भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, पहाटे सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी. अमावास्येलाही तसंच. अष्टमीला पाऊणपट सहा. बरोबर तुमच्या धावायच्या वेळी समुद्र पायऱ्यांशी आलेला असतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीया-चतुर्थीपर्यंत जो रविवार येईल तो जुहूचा, षष्ठी ते एकादशीतला रविवार मरीन ड्राइव्हचा. आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर अशा खुणा करून ठेवतो आणि मगच गाडीची तिकिटं काढतो.

वाळूवर अनवाणी धावू नका, काचा असतात. जुने बूट घाला. खाऱ्या पाण्याने नव्या बुटांचा डिंक सुटतो, आणि आठ-दहा हजारांचे बूट खराब झाले तर या सगळ्या हिशेबाला अर्थ उरत नाही. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. जाताना जेवढं अंतर तेवढंच येताना, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा ताण बसतो. पावसाळ्यात जुहूला जाऊ नये, लाटांचा भरवसा नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत पळणाऱ्याला मुंबईचा दमटपणा जानेवारीतसुद्धा जाणवतो, किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद जास्त लागतात. ते धरूनच चाला, घड्याळाशी भांडू नका. हिवाळ्यात काही दिवस धुरकं फार असतं. सकाळी उठल्यावर हवेचा निर्देशांक पाहावा आणि दोनशेच्या वर असेल तर अंतर निम्म्यावर आणावं. आपण फुप्फुसं घेऊन आलोय, ती तशीच घरी न्यायची आहेत.

खाणंपिणं आणि हिंडणं

शनिवारी दुपारी दादरला उतरलात तर आस्वाद, प्रकाश किंवा स्टेशनसमोरचे मामा काणे. थालीपीठ, साबुदाणा वडा, पीयूष. माणशी दोनशे ते तीनशे. माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपीत केळीच्या पानावर भात, सार, रसम. दुसऱ्या दिवशी लांब धावायचं असलं की माझं दुपारचं जेवण तिथेच ठरलेलं, पोटाला हलकं आणि पायांना पुरेसं. शनिवारी रात्री मात्र समुद्रकाठचं शहर खुणावत असतं: मासे, चौपाटीची भेळ, पावभाजी. ती सगळी रविवारी दुपारी खावीत. रात्री दहीभात नाहीतर साधी खिचडी, दीड-दोनशेत होते, आणि नऊला दिवा मालवायचा. मी हे इतक्या आग्रहाने सांगते आहे कारण रविवारी पहाटे पोट बिघडलं तर सगळ्या प्रवासाचे पैसे वाया जातात. धावण्याआधी खायला केळी आणि राजगिऱ्याचे लाडू घरूनच घ्यावेत. पहाटे साडेचारला फोर्टात काही उघडं नसतं.

धावून झाल्यावर धोबीतलावला कयानी. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल, संगमरवरी टेबलं, बनमस्का, चहा, आम्लेट. माणशी दीड-दोनशे रुपये. रविवारी सकाळी तिथे घामेजलेल्या टी-शर्टांची निम्मी गर्दी असते आणि कोणी नाक मुरडत नाही. कट्ट्यावरचं शहाळं सत्तर ते शंभरला. महाग वाटतं, पण त्या क्षणी ते घ्यावं.

शहरात हिंडणं हा या प्रवासातला सगळ्यांत स्वस्त भाग. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट ५ रुपये. सीएसएमटी ते दादर पाच रुपयांत. शनिवारी दुपारी गर्दी बेताची असते. बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १०, वातानुकूलित बसला १२. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण धावते, १० ते ७० रुपयांत. सीएसएमटी, चर्चगेट, गिरगाव, वरळी, सिद्धिविनायक, दादर सगळं एका रेषेत. फक्त पहाटे तिचा उपयोग नाही. लोकलही रात्री एकच्या सुमाराला थांबते ती चारनंतर सुरू होते. पहाटे जिथे पोचायचं तिथे पायीच पोचता यायला हवं, असं मी वर म्हटलं ते याचसाठी.

तर एका खेपेचा आमचा हिशेब माणशी असा पडतो. पुण्याहून सेकंड सीटिंगने येऊन-जाऊन २३०. फोर्टमधल्या खोलीचे करासह निम्मे १,५७५. लोकल, मेट्रो, एखादी टॅक्सी धरून १५०. दोन दिवसांचं खाणं ८५०. निसर्गमार्ग आणि शहाळं मिळून शंभर-सव्वाशे. तीन हजारांच्या आत. एकट्याने डॉर्मिटरीत राहिलात तर तेवीसशेच्या आसपास. नवरा-बायकोने वर्षातून एकदा समुद्रासमोरची बारा हजारांची खोली घेतली तर करासह १४,१६० होतात, म्हणजे माणशी सात हजार नुसते झोपायचे. लग्नाचा वाढदिवस असेल तर जरूर घ्यावी. धावण्याच्या दृष्टीने तिचा फायदा एवढाच की खाली उतरलात की पदपथ.

मॅरेथॉनच्या शनिवार-रविवारी

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. आता ती जानेवारीत होते, तिसऱ्या रविवारी. त्या दोन दिवसांचा खर्च वेगळा धरावा लागतो. स्पर्धेच्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, मिळत नाही. तो आधीच्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावा लागतो, गेली काही वर्षं वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) एक्स्पोमध्ये. त्यामुळे शनिवारची रात्र मुंबईत काढणं बाहेरच्या माणसाला चुकत नाही. शनिवारी एक्स्पोमध्ये चार तास उभं राहून पाय आणि पाकीट दोन्ही हलकी होतात. भुयारी मेट्रोचं बीकेसी स्थानक आहे, सकाळी लवकर जा, बिब घ्या, दुपारच्या आत बाहेर पडा. नवे बूट, नवे जेल तिथे घेऊन दुसऱ्या दिवशी वापरायचे नाहीत.

फुल मॅरेथॉन सीएसएमटीहून पहाटे पाचला सुटते, हाफ गेली काही वर्षं माहीमहून. म्हणजे फुलवाल्याने फोर्टात झोपावं, हाफवाल्याने दादर-माहीमला. दोन्ही संपतात सीएसएमटी परिसरात, तेव्हा हाफवाल्याला शेवटी परत दादर गाठावं लागतं. पाच रुपयांचं तिकीट, पण त्या पायांनी पुलाच्या पायऱ्या चढायच्या हे मनात धरून ठेवावं. त्या पहाटे रस्ते बंद असतात, टॅक्सीवर विसंबू नये. रेल्वे अलीकडे त्या दिवशी कल्याण, पनवेलकडून पहाटे तीनच्या सुमाराला खास लोकल सोडते. नातेवाइकांकडे उपनगरात उतरणाऱ्यांना तोच आधार. वेळा आदल्या आठवड्यात जाहीर होतात.

त्या आठवड्यात फोर्टमधल्या खोल्या महाग होतात आणि डिसेंबर उजाडेपर्यंत संपतातही. नोंदणी पक्की झाली की त्याच दिवशी खोली धरावी, पण रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच. तयारीत दुखापत होते, ताप येतो. शे-दोनशे रुपये जास्त देऊन ती मोकळीक घ्यावी. हाफ-फुलच्या जागा भरल्यावर धर्मादाय संस्थांच्या मार्फत युनायटेड वे मुंबईद्वारे प्रवेश मिळू शकतो. त्याची रक्कम नेहमीच्या शुल्काच्या कितीतरी पट असते, आणि ती देणगी म्हणून मनापासून द्यायची असेल तरच त्या वाटेने जावं.

एवढा खर्च का करावा, याचं माझं उत्तर वांद्रे-वरळी सागरी सेतू. ५.६ किलोमीटरच्या या पुलावर एरवी पायी जाता येत नाही. स्पर्धेच्या दिवशीच धावणाऱ्याला तो मोकळा मिळतो. दोन्ही बाजूंना काळं पाणी, वर दिवे आणि मागेपुढे फक्त पावलांचा आवाज. तो भाग संपेपर्यंत कोणी फारसं बोलत नाही.

परतताना

रविवारी अनेकदा मध्य आणि हार्बर मार्गांवर मेगाब्लॉक असतो, सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत. शनिवारच्या पेपरात त्याचं वेळापत्रक येतं, ते बघून दुपार आखावी. खोली सोडल्यावर पिशव्या हॉटेलमध्येच ठेवून घ्यायला सांगाव्यात, बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. नाही म्हणाले तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये, थोडक्या रुपयांत. मात्र पिशवीला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. छोटं कुलूप घरून न्या.

डेक्कन क्वीन सीएसएमटीहून पाच-दहाला सुटते. साडेचारला फलाटावर यावं, पाणी भरून घ्यावं, ओले बूट वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि चपला घालून बसावं. कर्जत यायच्या आधी डायनिंग कारमधून चीज टोस्ट मागवून घ्या. घाट सुरू झाल्यावर आमच्या डब्यापर्यंत तो कधीच पोचत नाही.